चौथ्या कोअरला विचारायचं राहिलं

“गेलं! परत गेलं बघा, कर्नल!” ताराबाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. “या खेपेला नऊ मिनिटं. काल चांगलं अडीच तास चाललं होतं. लहर येईल तेव्हा मान टाकायची, असा पणच केलाय मेल्यानं.”

कर्नलनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलावरच्या यंत्राकडे पाहिलं. इस्पितळात पेशंटच्या उशाशी ठेवतात, हृदयाचे ठोके मोजतं, तसलं ते यंत्र. पडद्यावरची हिरवी रेघ चालता चालता मधेच थांबली होती. इथे रेघेच्या दुसऱ्या टोकाला माणूस नव्हता, ठोक्यांचं सोंग आणणारी एक डबी होती, म्हणून बरं. पण नव्या खेपेची अशी अठरा यंत्रं इस्पितळांतून परत आली होती, आणि सतरा दिवस डोकं फोडूनही या दोघांना दोष सापडत नव्हता.

कर्नल हे काही त्यांचं नाव नाही. बंदूक तर त्यांनी फुगे फोडायलासुद्धा कधी धरली नसेल. कुठल्याही कॉम्प्युटरच्या आत, सगळ्यांत खाली, एक प्रोग्रॅम असतो. बटण दाबलं की तो सगळ्यांच्या आधी उठतो, बाकीच्यांना उठवतो, कामं वाटून देतो. त्याला म्हणतात कर्नल. एकोणीस वर्षं हे गृहस्थ तेवढं एकच काम करत आले, म्हणून कुणीतरी थट्टेनं त्यांना कर्नल म्हणालं आणि ते नाव चिकटलं. फाटकावरच्या रखवालदाराला ही भानगड ठाऊक नव्हती. तो रोज सकाळी टाचा जुळवून त्यांना कडक सलाम ठोकायचा. पहिल्या दिवशी खरं सांगायचं राहून गेलं, दुसऱ्या दिवशी संकोच वाटला, आणि आता अकरा वर्षांनी कुठल्या तोंडानं सांगणार? तेही गुमान कपाळाला हात लावायचे आणि आत जायचे.

असा हा माणूस. बोलायचं म्हटलं की शब्द यायचे, पण समोरचा निघून गेल्यावर.

ताराबाई नेमक्या उलट. गळ्यात सदा वायरींची वेटोळी, म्हणून ताराबाई. खरं नाव असेल कुठेतरी पगारपत्रकावर. यंत्राचं अंग त्यांच्याकडे, मन कर्नलकडे. बारा वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसून दोघांचं कधी वाजलं नाही, कारण भांडायला दोघं लागतात आणि कर्नल भांडणात यायचेच नाहीत.

खिडकीबाहेरच्या उंच झाडांच्या शेंगा उकलायचे दिवस होते. दिवसभर कापूस हवेत तरंगत राहायचा. पंख्यांमध्ये अडकू नये म्हणून ताराबाईंनी खिडक्यांना जाळ्या लावल्या होत्या, तरी चार-दोन पुंजके आत यायचेच, आणि त्यांतल्या एखाद्यावर कर्नलची नजर बसली की माणूस गेला. पुढ्यातला चहा निवायचा, फोन वाजून थांबायचा, आणि हे आपले त्या पुंजक्याबरोबर छतापाशी. आत्ताही तसंच झालं असतं, पण टेबलावरचा फोन गुरगुरला.

दादाचा निरोप होता. “आज पाच वाजता वृद्धनिवासाची गाडी येतेय आईला न्यायला. खोली छान आहे, बघून आलोय. तू आलास तर ठीक, नाही जमलं तरी हरकत नाही. आपल्या सगळ्यांचं ठरलंच आहे.”

कर्नलनी तो दोनदा वाचला. आपल्या सगळ्यांचं. म्हणजे दादाचं, ताईचं आणि त्यांचं. आपलंही ठरलेलं आहे हे त्यांना आत्ताच कळत होतं.

“काय हो, तोंड का असं?” ताराबाईंनी विचारलं.

“काही नाही. आईला आज निवासात हलवतायत.”

“आणि आईंचं काय म्हणणं?”

कर्नलनी खांदे उडवले. आईला चार महिन्यांपूर्वी हलकासा झटका येऊन गेला होता. उजवा हात मंदावला आणि बोलणं अडखळायला लागलं. डोकं जागेवर होतं, पण शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ कुणाकडे नव्हता. ताई तिची वाक्यं पुरी करायची. दादा तर ती सुरू व्हायच्या आतच पुरी करायचा. आईचं म्हणणं काय, हे कर्नलना खरोखरच ठाऊक नव्हतं. दर रविवारी ते जाऊन तिच्याजवळ बसत, तिचा डावा हात हातात घेत आणि दोघं खिडकीबाहेर बघत. बरं वाटायचं. पण पाच वाजता ती कायमची त्या घरातून उठणार होती, आणि तिला जायचंय की नाही हे आपण एकदाही विचारलेलं नाही, हे त्यांना आत्ता जाणवलं.

“दादा बघतोय सगळं,” ते म्हणाले आणि खाली वाकून कागद काढू लागले.

यंत्र बंद पडताना शेवटचं काय काय घडलं ते कागदभर लिहून ठेवतं. असे सव्वीस कागद जमले होते. आजवर ते एकेक करून वाचले होते. आज कशी कोण जाणे, कर्नलना लहर आली आणि त्यांनी ते सगळे जमिनीवर ओळीनं मांडले आणि मधे मांडी घालून बसले. सगळ्या कागदांवर तीच तक्रार होती: प्रोसेसरला अशी आज्ञा मिळाली जी त्याला कळलीच नाही. आज्ञाही तीच. एका हेलपाट्यात चार अक्षरं न उचलता सोळा उचल, अशी. ही आज्ञा याच चिपला दिवसातून लाखो वेळा दिली जायची आणि ती बिनतक्रार पाळायची. मग मधेच एकदा म्हणायची, हे काय असतं? घोडं इथेच अडलं होतं.

ते कागदांकडे बघत राहिले. बघता बघता अक्षरं पुसट झाली, नुसते काळे पट्टे उरले, आणि त्या पट्ट्यांत उजव्या कोपऱ्यात एक आकडा मात्र सगळीकडे सारखा दिसायला लागला. तीन, तीन, तीन.

“ताराबाई.”

“बोला.”

“या चिपमध्ये कोअर चार ना?”

“चार. शून्य, एक, दोन आणि तीन. म्हणजे काम करणारे चार गडी आणि चौघेही एकसारखे, असं तर छापलंय वरच्या पानावर.”

“सव्वीसच्या सव्वीस वेळा चौथाच पडलाय. कोअर तीन.”

ताराबाई खुर्चीसकट सरकत आल्या. कागदांवरून बोट फिरवत गेल्या. मग कपाटातून चिपचं माहितीपुस्तक काढलं, हे जाडजूड, आणि चष्मा लावून बसल्या. पाऊण तासानं त्यांनी जी आरोळी ठोकली ती पलीकडच्या हिशेब विभागात ऐकू गेली असेल.

“सापडलं हो! पान सहाशे बारा, खाली तळटीप, मुंगीएवढ्या अक्षरांत. या खेपेपासून वीज वाचवायला चौथा कोअर साध्या घडणीचा बसवलाय. याला सोळा एकदम उचलता येत नाहीत. येतच नाहीत! वर छापायचं चौघे एकसारखे आणि खाली हे असं. लाजा कशा वाटत नाहीत?”

“पण कर्नल विचारतो ना त्याला,” कर्नल म्हणाले. म्हणजे प्रोग्रॅम.

त्यांना हा भाग फार आवडायचा, सांगायला कुणी भेटलं नाही इतकंच. बटण दाबल्यावरचा तो पहिला क्षण. पडदा काळा, पंखे नुकते फिरायला लागलेले, आणि आत कर्नल उठतो. आपण कुठे जागे झालोय हे त्याला ठाऊक नसतं. मग तो प्रोसेसरला विचारतो: तुला काय काय येतं? मोठा भागाकार येतो? सोळा एकदम उचलता येतात? आणि प्रोसेसर हो-नाही, हो-नाही अशी लांबलचक यादी देतो. त्या यादीवर पुढचं सगळं चालतं. एकोणीस वर्षांपूर्वी ही विचारपूस कर्नलनी स्वतः लिहिली होती. या नोकरीतलं पहिलं काम. नंतर तिच्याकडे वळून बघायची वेळ आली नाही.

आज त्यांनी ती फाईल उघडली. आपलंच जुनं लिखाण वाचताना होतं तसं जरा ओशाळं वाटलं. पहिला कोअर जागा होतो, त्याला सगळे प्रश्न विचारले जातात, यादी भरते. मग दुसरा, तिसरा, चौथा जागे होतात आणि थेट कामाला लागतात. मधे एक ओळ, यंत्रासाठी नव्हे, वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली: “पहिल्यानं सांगितलं की पुरे. बाकीचे सारखेच. परत विचारायची गरज नाही.” खाली त्यांची आद्याक्षरं.

“त्या काळी सारखेच असायचे,” ताराबाई खांद्यावरून वाचत म्हणाल्या. “तुमचा काय दोष?”

“विचारायला काय जात होतं?” कर्नल म्हणाले. ते कधी एवढ्या मोठ्यानं बोलत नसत.

दुरुस्ती आठ ओळींची होती. जो जो कोअर उठेल त्याला तेच प्रश्न विचारायचे, आणि चौघांनाही जे येतं तेवढंच यादीत ठेवायचं. आठ ओळी लिहून त्यांनी कर्नल पुन्हा बांधायला, म्हणजे यंत्राच्या भाषेत नव्यानं उतरवायला लावला. याला अकरा मिनिटं लागायची. पडद्यावर फाईलींची नावं वर सरकत राहायची आणि ती बघत बसण्यापलीकडे काही करायचं नसायचं. जाळीतून एक पुंजका आत आला, टेबलावरच्या दिव्यापाशी घुटमळला, आणि कर्नल त्याच्यामागून निघाले.

ते सात वर्षांचे होते. वडील गेले त्याच वर्षीची सुट्टी. पोहण्याच्या तलावावर आई तिघांना घेऊन आली होती आणि बाहेर बाकावर बसली होती. आत शिक्षक वही घेऊन विचारत होते, पोहता येतं का? दादा चौदा वर्षांचा. वडील गेल्यापासून घराच्या वतीनं तोच बोलायचा. दुकानदाराशी तो, घरमालकाशी तो, शाळेत तो. तो म्हणाला, “येतं. आम्हा तिघांनाही.”

मग ते तिघं खोल बाजूला रांगेत उभे राहिले. शिट्टी वाजली आणि धाकट्यानंही उडी घेतली. आत सगळं हिरवं होतं आणि शांत. वरून उजेडाच्या पट्ट्या हलत हलत खाली येत होत्या. भीती वाटल्याचं त्यांना आठवत नाही. एवढंच आठवतं की ते खाली जात होते आणि मनात म्हणत होते, दादानं सांगितलंय म्हणजे येत असेल. आत्ता येईल. थोड्या वेळात येईल.

शिक्षकांनी वर काढलं. काठावर धावत आलेल्या आईनं पंच्यात गुंडाळलं, छातीशी धरलं, आणि खोकला थांबल्यावर विचारलं, “तुला येत होतं का रे पोहायला?”

“नाही.”

“मग बोलला का नाहीस?”

“मला कुणी विचारलंच नाही.”

आईनं त्याचं डोकं पुसलं. त्या दिवसापासून ती धाकट्याला सगळं विचारायला लागली. निळा शर्ट की पांढरा? खिडकीजवळ झोपतोस की भिंतीकडे? धाकटा आधीच मुखदुर्बळ, उत्तर द्यायला त्याला युगं लागायची. तेवढा वेळ आई हातातलं काम तसंच ठेवून उभी राहायची. ताई वैतागायची, दादा घाई करायचा. आई म्हणायची, थांबा, तो सांगतोय.

“कर्नल! अहो कर्नल! झालं बांधून.”

चौथ्या कोअरवर मुद्दाम तेच काम टाकून त्यांनी यंत्र सुरू केलं. हिरवी रेघ निघाली. एक ठोका, दोन, तीन. ताराबाई बोटांवर मोजत होत्या. सहाव्या ठोक्याला रेघ थांबली.

“अगं आई गं,” ताराबाई मटकन बसल्या. “आता काय?”

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत आले होते. कर्नलनी प्रोग्रॅमला प्रत्येक पायरीवर काय केलं ते बोलायला लावलं आणि पुन्हा यंत्र सुरू केलं. या वेळी उत्तर लगेच सापडलं, आणि ते त्यांनी दोनदा वाचलं.

“विचारलं,” ते हळूच म्हणाले. “पण थांबलो नाही.”

“म्हणजे?”

“दुसरा आणि तिसरा चटकन उत्तर देतात. हा चौथा साधा, उठायलाच त्याला वेळ लागतो. आपण प्रश्न टाकला आणि लगेच वही उचलली. त्यानं अजून काही लिहिलंच नव्हतं. आणि त्याची जागा कोरी न ठेवता आपण तिथे आधीच पहिल्याचं उत्तर भरून ठेवलेलं होतं.”

“गप्प आहे म्हणजे हो, असं.”

“हो. असंच. त्यानं नंतर ‘नाही’ लिहिलं. इथे दिसतंय बघा. पण तोवर वही मिटली होती.”

ताराबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. कर्नलचे डोळे भरले होते, आणि एका चिपसाठी कुणी रडत नाही एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि कामाचंच विचारलं. “मग आता थांबायचं किती?”

“तो बोलेपर्यंत.”

“आणि बोललाच नाही तर? सगळं यंत्र त्याच्यापायी तिष्ठत ठेवणार?”

“पुरेसा वेळ द्यायचा. त्याला लागतो तेवढा, आपल्याला सोयीचा तेवढा नाही. तरीही नाही बोलला, तर त्याला कामाला लावायचं नाही. पण त्याच्या वतीनं हो म्हणायचं नाही.”

कोरी जागा म्हणजे कोरी जागा, असं त्यांनी लिहिलं. ती भरेपर्यंत थांबायचं, असं लिहिलं. शेवटी ती एकोणीस वर्षांची जुनी ओळ खोडली आणि तिच्या जागी नवी लिहिली: “प्रत्येकाला विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.” पुन्हा अकरा मिनिटं. या वेळी ते कुठे गेले नाहीत, पडद्यासमोरच बसून राहिले.

हिरवी रेघ निघाली. सहावा ठोका गेला. साठावा गेला. चौथा कोअर आपला चार-चार अक्षरं उचलत सावकाश चालला होता, आणि बाकीचे तिघं कुरकुर न करता त्याच्यासारखेच चालले होते. यंत्र किंचित हळू झालं होतं, माणसाला कळणारही नाही इतकं. तीन वाजले तरी रेघ चालू होती.

“एक आठवडा अशी चालू दे, मग मी म्हणेन सुटलं,” ताराबाई म्हणाल्या. पण त्यांचाही जीव भांड्यात पडला होता. “कुठे निघालात?”

कर्नल पिशवी खांद्याला अडकवत होते. “एकाला विचारायचं राहिलंय.”

“मग उभे काय? पळा! रेघेवर मी बसते.”

रखवालदारानं सलाम ठोकला. कर्नल त्याच्यासमोर थांबले. “मी लष्करात नव्हतो कधी,” ते म्हणाले. “मी आत कॉम्प्युटरचं काम करतो.”

“ठाऊक आहे की साहेब,” रखवालदार म्हणाला. “पहिल्या महिन्यातच कळलं. पण तुम्हाला आवडतं असं वाटलं.”

आईच्या घराचं दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत पाच खोकी दोरीनं बांधून ठेवली होती आणि प्रत्येकावर दादाच्या ठसठशीत अक्षरात ‘खोली सात’ लिहिलेलं होतं. दादा हातात यादी घेऊन उभा. ताई शाल घडी करत होती. आई खिडकीशी तिच्या खुर्चीत, केस विंचरलेले, पायांत बाहेरचे बूट. कुणीतरी घातलेले. नाड्या उजवीकडे जरा जास्तच आवळल्या होत्या.

“आलास? बरं झालं,” दादा म्हणाला. “औषधांची पिशवी तेवढी तू धर. आईची काही हरकत नाही, सगळं नीट समजावलंय. नाही का गं आई? बघ, काही हरकत नाही.”

कर्नल आईसमोर जमिनीवर बसले. पहिल्यांदा त्यांनी तिच्या नाड्या सैल केल्या. मग तिचा डावा हात हातात घेतला. “आई, तुला काय हवंय?”

“अरे, आता ही कुठली वेळ...” दादानं सुरुवात केली.

“दादा, थांब.” पन्नास वर्षांत हे दोन शब्द कर्नलनी या क्रमानं उच्चारले नव्हते. ताईच्या हातातली शाल तशीच राहिली. “ती सांगतेय.”

आईचे ओठ हलले आणि मिटले. बाहेर कुणीतरी सायकल टेकवली. स्वयंपाकघरातल्या नळाचा एक थेंब पडला, मग दुसरा. दादानं घड्याळ बघितलं, ताईनं तोंड उघडून पुन्हा मिटलं. उन्हाची तिरीप आईच्या गुडघ्यावरून सरकत खुर्चीच्या हातावर गेली. कर्नल नुसते तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना घाई नव्हती. सहाव्या ठोक्याच्या पुढे गेलं की सगळं नीट होतं, हे त्यांनी आजच पाहिलं होतं.

“मला...” आई म्हणाली. “मला... कुणी... विचारलंच नाही.”

ताईनं शालीत तोंड खुपसलं.

“आता विचारतोय गं,” कर्नल म्हणाले. “सावकाश सांग.”

पुन्हा तेवढाच वेळ गेला. आईनं एकेक शब्द उचलून आणून ठेवला. “खोली... सात... नको. तुझ्या... कडे.” मग तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, काठावर पंच्यात गुंडाळून पाहिलं होतं तसं. “तुला... जमेल... का रे?”

दादाचं उत्तर तयार होतं. “अगं, त्याला कसं जमेल? एकटा माणूस, तिसरा मजला, लिफ्ट नाही...” पण आईनं डावा हात वर केला आणि तो थांबला. ती धाकट्याकडे बघत होती. प्रश्न त्याला होता, आणि त्याला वेळ लागतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

कर्नलना वेळ लागला. मग ते मोजून बोलले. “स्वयंपाक कामापुरता येतो. तुला उचलून नेता येणार नाही, माझी पाठ गेलीय. सकाळ-संध्याकाळ घरी असतो. दुपारचं घरून काम करीन, साहेबांना विचारावं लागेल. आंघोळीला कुणीतरी बाई लागेल. रागवायला येत नाही.” ते थांबले. “पोहायला अजून येत नाही.”

आईचा चेहरा डावीकडून हसला. उजवी बाजू मागाहून, हळूहळू येऊन मिळाली.

“दुपारी मी येऊ शकते की,” ताई डोळे पुसत म्हणाली. “मला तरी कुणी विचारलंत? सोमवार सोडून.”

दादा एका खोक्यावर बसला होता. यादी त्याच्या हातात चुरगळली होती. “तुम्हाला काय वाटतं, मला हौस होती?” तो खाली बघत म्हणाला. “बाबा गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तेव्हा मला कुणी विचारलं होतं, तुला जमेल का म्हणून?”

कर्नल उठले आणि त्याच्या शेजारच्या खोक्यावर जाऊन बसले. “जमलं होतं का रे दादा?” त्यांनी विचारलं, आणि थांबले.

दादानं बऱ्याच वेळानं मान हलवली. हो की नाही ते नीट कळलं नाही, बहुतेक त्यालाही नसावं. बाहेर भोंगा वाजला. निवासाची गाडी दारात आली होती आणि चालक खिडकीतून हाक मारत होता, “झालं का आजोबा? निघायचं ना?”

दादा दारापर्यंत गेला. “नाही,” तो म्हणाला. “म्हणजे, आमचं अजून ठरायचंय. माफ करा, तुम्ही जा.”

महिनाभर बघायचं, असं ठरलं. जमलं तर जमलं, नाही तर आईलाच परत विचारायचं.

संध्याकाळी दादाच्याच गाडीतून ते निघाले. कर्नलनी पुढे जाऊन जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवली होती. पायऱ्या एकूण चोपन्न. आई डावा हात कठड्यावर ठेवून एक पाय वर घ्यायची, दुसरा त्याच्याशेजारी आणायची, आणि उभी राहायची. कर्नल एक पायरी खाली, तिच्या मागे, आणि त्यांच्यामागे पिशवी घेऊन दादा. अजून थोडंच राहिलं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. जिन्याच्या झरोक्यातून कापसाचा पुंजका आत आला आणि आईच्या शालीवर बसला. तो तिथेच राहिला.

दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीत आई दम खात बसली असताना त्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्युटीवरून परत येत होत्या. आईकडे बघून त्या कर्नलना म्हणाल्या, “कर्नलसाहेब, अजून अठरा पायऱ्या आहेत. आजींना जमेल का हो? का आपण खुर्चीसकट उचलून नेऊया?”

“त्यांनाच विचारा ना,” कर्नल म्हणाले.

नर्सबाई आईसमोर वाकल्या. “आजी, जमेल का तुम्हाला?”

आईनं वरच्या पायऱ्यांकडे पाहिलं. तिचे ओठ हलायला लागले. दादाचं तोंड सवयीनं उघडलं. मग त्यानं ते मिटलं, हातातली पिशवी पायरीवर ठेवली आणि तोही थांबला.